भेंडीनं पंचगंगेचं गढूळ पाणी निवळतं का? लेकीच्या विज्ञान प्रदर्शनाचा अनुभव

दरवर्षी शाळा सुरू झाली की पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज ठरलेला असतो, "सायन्स एक्झिबिशनसाठी रेडीमेड वर्किंग मॉडेल कुठं मिळेल?" आणि खाली लगेच दुकानांचे नंबर पडायला लागतात. ज्वालामुखी, पवनचक्की, इंजेक्शनच्या सिरिंजवर चालणारा जेसीबी, हजारापासून तीन हजारापर्यंत. मला ते वाचून वाईट वाटतं. पालकांची चूक आहे असं नाही, त्यांना वेळ नसतो आणि शाळेतून निरोप येतो तो चार दिवस आधी. पण त्या पोराच्या हातून काय निसटतंय हे मी गेल्या वर्षी जवळून बघितलं म्हणून हे सगळं लिहून काढतोय, कागदपत्रं, खर्च, वाट बघणं, सगळं. कुणाला तरी उपयोग होईल.

आम्ही कोल्हापुरात कसबा बावड्यात राहतो, मी शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत क्वालिटीला आहे. लेक तेव्हा आठवीत होती. प्रोजेक्ट तिचा आणि तिच्या एका मैत्रिणीचा, दोघींचा मिळून.

प्रश्न सुरू झाला जानेवारी २०२४ मध्ये. पाहुण्यांच्या गुऱ्हाळावर गेलो होतो, गरम काकवी खायला. काहिलीत, म्हणजे मोठ्या कढईत, रस तापायला लागला तसा गूळ करणाऱ्या गुळव्या मामांनी ठेचून भिजवलेल्या भेंडीचं बुळबुळीत पाणी आत ओतलं, आणि थोड्या वेळात काळपट मळी वर आली ती ते झाऱ्यानं काढून टाकत होते. लेकीनं विचारलं हे कशाला, तर मामा म्हणाले, "घाण धरती ती भेंडी. त्याबिगर गूळ पिवळा व्हईत न्हाई." घरी येताना गाडीवर मागं बसून ही म्हणते, "पप्पा, मग पुराच्या पाण्यातली घाण पण धरंल का?" मी म्हटलं वहीत लिहून ठेव. एवढंच. तेव्हा प्रदर्शन वगैरे काही डोक्यात नव्हतं.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, विज्ञानाच्या मॅडमनी विचारलं कुणाकडे काही कल्पना आहे का, तर हिनं हा प्रश्न सांगितला. मॅडमना आवडला. आणि इथून पुढं माझा गोंधळ सुरू झाला, कारण मॅडम तीन वेगवेगळी नावं घेत होत्या आणि मला सगळं एकच वाटत होतं. तर नवीन पालकांसाठी सांगतो, ही तीन वेगळी कामं आहेत.

पहिलं म्हणजे इन्स्पायर अवॉर्ड मानक. केंद्र सरकारच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागाची योजना, राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानासोबत चालते. इथं आधी नुसती कल्पना पाठवायची असते, शाळा पोर्टलवर नाव भरते, एका शाळेला पाच कल्पना पाठवता येतात. निवड झाली तर १०,००० रुपये थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यावर येतात, त्यातून मॉडेल करायचं. कल्पना मराठीत लिहिली तरी चालते, हे बऱ्याच जणांना माहीत नसतं. दुसरं म्हणजे विज्ञान प्रदर्शन, जे आपण नेहमी म्हणतो ते, तालुका किंवा शहर पातळी, मग जिल्हा, मग राज्य आणि सगळ्यात वर एनसीईआरटीची राष्ट्रीय बाल वैज्ञानिक प्रदर्शनी. आणि तिसरी राष्ट्रीय बाल विज्ञान परिषद, १९९३ पासून चालू आहे, १० ते १७ वयाच्या मुलांसाठी, तिथं मॉडेलपेक्षा आपल्या भागातल्या प्रश्नावर केलेला अभ्यास आणि अहवाल महत्त्वाचा. आम्ही पहिल्या दोन्हीत भाग घेतला. इन्स्पायरला नाव एकाच मुलाचं जातं, दोघींनी आपसात ठरवून लेकीचं घातलं, प्रदर्शनाला दोघी.

इन्स्पायरच्या अर्जात कल्पना लिहायला एक संध्याकाळ पुरली, कागदांना पावसाळा गेला. आधारवर लेकीच्या जन्मतारखेचा महिना चुकलेला, शाळेच्या जनरल रजिस्टरला बरोबर. मॅडम म्हणाल्या दोन्ही जुळल्याशिवाय मी भरणार नाही, आणि त्यांचं बरोबरच होतं. मग महापालिकेच्या जन्मदाखल्याची प्रत घेऊन आधार केंद्रावर, तिथं सकाळी लवकर टोकन घ्यावं लागतं, फी तेव्हा ५० रुपये होती, दुरुस्ती होऊन यायला दोनेक आठवडे. मी हाफ डे टाकून गेलो.

त्यानंतर बँक. दहा वर्षांवरच्या मुलांचं स्वतःच्या नावाचं खातं निघतं, ते काढलं. काउंटरवर सांगितलं आधार लिंक झालंय. पण "लिंक" असणं वेगळं आणि सरकारी पैसे यायला लागतं ते "सीडिंग" वेगळं, त्याला डीबीटीसाठी, म्हणजे सरकारी पैसे थेट खात्यात यायला, संमतीचा वेगळा फॉर्म द्यावा लागतो. आधारच्या वेबसाइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, तिथं मी बघितलं तर काहीच नाही. परत बँकेत. साहेब म्हणाले होईल हो, मी म्हटलं साहेब फॉर्म घ्या आणि पोच द्या. मग झालं. तुमचं मूल सहावीत गेलं की प्रोजेक्ट असो नसो हे दोन्ही करून ठेवा, स्कॉलरशिपला पण लागतं. शेवटी मुदत संपायच्या थोडं आधी सप्टेंबरात अर्ज गेला आणि मी सुटलो.

आता खऱ्या कामाकडे येतो. २०२४ च्या जुलैत पाऊस लागला तो लागलाच, महिन्याच्या शेवटी पंचगंगेनं राजाराम बंधाऱ्यावर ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली. बावड्यातल्या माणसाला ते आकडे पाठ असतात, ३९ ला इशारा, ४३ ला धोका, २०२१ ला ५६ च्या वर गेलं होतं. पोरींना मी पाण्याजवळ जाऊ दिलं नाही. पाणी मी आणि भाऊ आणायचो, जिथं रस्त्यावर पाणी आलेलं तिथून बादलीनं, आणि त्याला हात लागला की साबणानं धुवायचे हा नियम. पुराच्या पाण्यात काय काय मिसळलेलं असतं सांगता येत नाही, त्यामुळं पालकांनी हे काम स्वतःच करावं.

पाणी किती गढूळ हे मोजायचं कसं, इथं अडलं होतं. गढूळपणा मोजायचं मशीन असतं, त्याचं एकक एनटीयू, आणि पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात, आयएस १०५०० मध्ये, तो १ एनटीयूपर्यंत असावा आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ५, असं आहे. पण मशीन आणायचं कुठून. गल्लीत एक काका आहेत, पाणीपुरवठ्यात नोकरी केलेले, रिटायर. त्यांनी साधी युक्ती सांगितली. पारदर्शक उभी नळी घ्यायची, तळाला पांढऱ्या चकतीवर काळी फुली काढायची, वरून बघत बघत पाणी ओतायचं, फुली दिसेनाशी झाली की थांबायचं आणि पाण्याची उंची सेंटीमीटरमध्ये लिहायची. उंची जास्त म्हणजे पाणी स्वच्छ. लक्ष्मीपुरीत अॅक्रिलिकची दोन फुटी नळी मिळाली ३२० रुपयांना, बूड उद्यमनगरातल्या ओळखीच्या लेथवाल्यानं टर्न करून दिलं, त्यानं पैसे घेतले नाहीत, म्हणाला पोरींचं काम हाय, घेऊन जा. काकांनीच जार टेस्ट पण शिकवली, फिल्टर हाऊसला तुरटीचा डोस ठरवायला करतात ती. सारख्या बरण्यात सारखं पाणी, औषध घालून मिनिटभर जोरात ढवळायचं, मग दहा-पंधरा मिनिटं हळूहळू, आणि मग अर्धा तास हात लावायचा नाही.

लोणच्याच्या पाच बरण्या घेतल्या. एकीत नुसतं पाणी, एकीत तुरटी, एकीत थोडं भेंडीचं पाणी, एकीत जास्त, आणि पाचवीत तुरटी आणि थोडं भेंडीचं पाणी दोन्ही. भेंडी ५० ग्रॅम अर्धा लिटर पाण्यात चिरून रात्रभर ठेवायची आणि फडक्यानं गाळायची. घरात भेंडीची भाजी तेवढे दिवस कुणी मागितली नाही.

नुसत्या पुराच्या पाण्यात फुली सहा सेंटीमीटरलाच गायब. तुरटीच्या बरणीत अर्ध्या तासानं नळी वरपर्यंत भरली तरी फुली स्पष्ट. आणि भेंडीच्या बरणीत, जिच्यासाठी एवढं सगळं मांडलेलं, तिथं बारा-चौदा सेंटीमीटर. जास्त भेंडी घातलेल्या बरणीत तर आणखी कमी, पाणी घट्टसर झालं आणि दुसऱ्या दिवशी वास मारायला लागलं. लेक रडकुंडीला आली. तिला भेंडी जिंकायला पाहिजे होती.

आणि इथंच जे झालं त्यासाठी मी म्हणतो की पोरांना स्वतः करू द्या. पुढच्या वेळी प्रयोग केला तर लेकीचं भेंडीचं रीडिंग वीस आलं आणि मैत्रिणीचं त्याच पाण्याचं तेरा. दोघींचं भांडण. मी दोघींना बघत होतो, कुणी खोटं बोलत नव्हतं. लेकीला फुली खरंच जास्त वेळ दिसत होती, कारण तिला ती दिसायला पाहिजे होती. मॅडमना फोन केला, त्या म्हणाल्या, बरण्यांवरची नावं काढा, नुसते नंबर घाला, आणि कुठला नंबर कशाचा हे मोजणारीला कळता कामा नये. मग एक जण आत जाऊन नंबर बदलणार, दुसरी मोजणार, आणि प्रत्येक बरणीची तीन रीडिंग घेऊन सरासरी. आमच्या कामात पण इन्स्पेक्शनला कास्टिंग कुठल्या शिफ्टचं आहे हे सांगत नाहीत कधी कधी, कारण तेच आहे. त्यानंतर दोघींची रीडिंग जुळायला लागली, एक-दोन सेंटीमीटरच्या फरकानं. तेरा वर्षांच्या पोरीला आपलेच डोळे आपल्याला फसवतात हे कुठल्या पुस्तकातनं कळणार होतं? पाठ्यपुस्तकात प्रयोगाचं उत्तर खाली छापलेलं असतं. इथं कुणालाच माहीत नव्हतं, मॅडमना नाही, मला नाही.

पाचव्या बरणीनं मात्र सगळ्यांना चकित केलं. तुरटी आणि थोडीशी भेंडी एकत्र घातली की गाळाचे गोळे मोठे व्हायचे आणि नुसत्या तुरटीपेक्षा लवकर खाली बसायचे, डोळ्यांना दिसायचं. मॅडमनी कारण समजावलं ते मलाही पहिल्यांदाच कळलं. मातीच्या बारीक कणांवर ऋण भार असतो म्हणून ते एकमेकांना ढकलत तरंगत राहतात, तुरटीतलं अॅल्युमिनियम तो भार मारून टाकतं, मग कण जवळ येतात. भेंडीच्या बुळबुळीत लांबलचक साखळ्या असतात, त्या छोट्या छोट्या गुठळ्यांना एकत्र बांधतात. म्हणजे भेंडी एकटी ते काम नीट करत नाही, पण सोबतीला असली तर मदत करते. आमच्या बरण्यांमध्ये तरी असं दिसलं, आणि वहीत पण "आमच्या बरण्यांमध्ये" असंच लिहिलंय, मॅडमनी "सिद्ध झाले" हा शब्द खोडायला लावला.

पूर ओसरल्यावर पोरींनी घाटाजवळचा वाळलेला गाळ पिशवीत भरून ठेवला. तेव्हा मला वाटलं कशाला हा पसारा, पण पुढं त्यानंच वाचवलं, ते सांगतो.

नोव्हेंबरात गुऱ्हाळं सुरू झाली तशी लेक म्हणाली मामांना परत विचारायचंय. त्यांना वही दाखवली, त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "पोरी, थंड रसात भेंडी टाकून काय उपेग? रसाला ताप यायला लागतो तवा मळी वर येती. आन आमी चुना बी घालतोय की." गुऱ्हाळात घाण वर येते आणि बरणीत ती खाली बसवायची होती, दोन्हीकडे भेंडीच पण काम वेगळ्या तऱ्हेनं चालतं, हे तिला त्या माणसानं पाच मिनिटांत सांगितलं. घरी येऊन गरम पाण्यावर पण करून बघितलं, फार फरक पडला नाही, तेही लिहिलं. मामांचं नाव आणि "माहिती यांनी दिली" हे तिनं अहवालात स्वतःहून घातलं, मला ते आवडलं.

प्रदर्शनाची तारीख मात्र ठरेना. २० नोव्हेंबरला विधानसभेचं मतदान, मॅडमना इलेक्शन ड्युटी, त्यांचं ट्रेनिंग, मग सहामाही नंतरची गडबड. शाळेत विचारलं की "पत्र आलं की सांगतो". शहर पातळीचं प्रदर्शन डिसेंबरात झालं आणि निरोप आला तो आठवडाभर आधी. ज्यांची तयारी वहीत होती त्यांना काही वाटलं नाही.

तयारी करताना एक लक्षात आलं, डिसेंबरात पंचगंगेचं पाणी निवळशंख! गढूळ पाणी आणायचं कुठून? तो पिशवीतला गाळ वजन करून पाण्यात कालवला आणि दरवेळी सारखंच गढूळ पाणी तयार झालं. म्हणून सांगतो, पावसाळ्यातला विषय असेल तर सामान तेव्हाच साठवून ठेवा. एक्स्टेन्शन बोर्ड, फडकी, रिकामी बादली, चिकटपट्टी, जेवणाचा डबा आणि रीडिंगची वही, एवढं घेऊन जा. टेबल मिळतं, बाकी काही गृहीत धरू नका. सकाळी नोंदणीला रांग, मग उद्घाटन, भाषणं, आणि परीक्षक आले दुपारी दोनच्या पुढं. पोरींनी तोपर्यंत येणाऱ्या जाणाऱ्या मुलांना तेच तेच सांगून घसा बसवून घेतला होता.

शेजारच्या टेबलावर लाइट-बिट लावलेलं झकास मॉडेल होतं आणि लेक ते बघून हिरमुसली. पण एनसीईआरटीच्या मार्गदर्शक सूचना मॅडमनी आधी वाचून दाखवल्या होत्या, त्यात मुलाच्या स्वतःच्या कल्पकतेला २० टक्के आहेत, नावीन्य, वैज्ञानिक विचार, हातकौशल्य आणि उपयोगिता यांना प्रत्येकी १५, आणि कमी खर्च, टिकाऊपणा याला १० आणि सादरीकरणाला १०. सजावटीवर पालकांचे सगळे पैसे जातात आणि तिला गुण असले तर त्या शेवटच्या दहात. आमचा तक्ता साध्या कार्डशीटवर स्केचपेननं होता. नळी, वजनकाटा, भेंडी, तुरटी, बरण्यांची झाकणं, झेरॉक्स आणि रिक्षा धरून सगळा खर्च अकराशेच्या आसपास, त्यातला वजनकाटा आता घरच्या किचनमध्ये आहे.

परीक्षक सरांनी विचारलं, "एक चमचा भेंडीचं पाणी म्हणजे किती?" लेकीनं खोकल्याच्या औषधाचं मापाचं टोपण दाखवलं, दहा मिली. "किती वेळा केलं?" तिनं वही उघडून पुढं ठेवली. खाडाखोड, डाग, एक पान भिजून फुगलेलं. सर ती वही बराच वेळ चाळत उभे राहिले आणि तक्त्याकडे त्यांनी बघितलंसुद्धा नाही. मी लांब भिंतीला उभा होतो, पालकांना आत सोडत नाहीत, माझ्या डोळ्यात पाणी आलं हे खरं आहे.

तिथून जिल्ह्याला निवड झाली. जिल्ह्याचं जानेवारी २०२५ मध्ये, बारा तालुक्यांतून आलेली मुलं, चंदगड-आजऱ्याकडची पोरं तर पहाटे निघून आलेली. तिथं आमचा नंबर आला नाही, सहभागाचं प्रमाणपत्र मिळालं. पण तिथल्या एका मॅडमनी विचारलेला प्रश्न अजून घरात फिरतोय. त्यांनी विचारलं, "भेंडी घातल्यावर तुरटी कमी लागते का, आणि निवळलेल्या पाण्यात अॅल्युमिनियम किती उरतं?" लेक म्हणाली, "माहीत नाही, आम्ही मोजलं नाही." मला वाटलं झालं, गेले मार्क. तर त्या म्हणाल्या, "बरोबर, मग हे वहीच्या शेवटी लिहून ठेव." गेले तर गेले मार्क. तेरा वर्षांच्या वयात अनोळखी मोठ्या माणसासमोर ताठ उभं राहून "माहीत नाही" म्हणता येणं, ते मला आमच्या ऑडिटला आलेल्या माणसांसमोर अजून अवघड जातं.

इन्स्पायरच्या यादीत नाव आलं नाही, ते कळलं बऱ्याच महिन्यांनी, आणि कळलं म्हणजे आपणच शाळेत विचारत राहायचं, वेगळा मेसेज आम्हाला तरी आला नाही. एक दिवस ती गप्प होती.

मे महिन्यात, २० मे २०२५ ला, जयंत नारळीकर सर गेले. त्यांचा जन्म आपल्या कोल्हापुरातला, १९३८ चा. बातम्यांत सांगत होते की मुलं सही मागायला आली की ते म्हणायचे, पोस्टकार्डावर एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर पाठवीन, त्याखाली सही असेल. लेकीनं ते ऐकून विचारलं, आता कुणाला पाठवायचं? मी म्हटलं तुझ्या मॅडमना विचार, काकांना विचार, गुळव्या मामांना विचार, आणि उरलेलं बरणीत बघ. गेल्या वर्षी तिनं तेच तर केलं होतं.

यंदा ती नववीत आहे. अॅल्युमिनियमचा प्रश्न घेणार म्हणते. पाणी तपासणाऱ्या एका लॅबमध्ये चौकशी केली तर प्रत्येक नमुन्याला वेगळी फी सांगितली, सगळ्या बरण्यांची तपासणी आम्हाला झेपणारी नाही. पिण्याच्या पाण्यात अॅल्युमिनियमची मर्यादा लिटरला ०.०३ मिलिग्रॅम आहे, पर्याय नसेल तर ०.२, इतकं बारीक घरी मोजता येत नाही. त्यामुळं दोघींनी सध्या असं ठरवलंय की आधी प्रश्नाचा पहिला अर्धा भाग घ्यायचा, भेंडी सोबत असली तर तुरटी निम्म्यावर आणून तेवढंच पाणी निवळतं का, आणि त्यातले दोनच नमुने लॅबला द्यायचे. मॅडम शिवाजी विद्यापीठात कुणाशी तरी बोलून बघणार आहेत. पाऊस सुरू झालाय, बादली दारात आणून ठेवलीय, आणि यंदा इन्स्पायरला नाव मैत्रिणीचं घालायचं ठरलंय म्हणून तिच्या आधारवरची जन्मतारीख मी गेल्या आठवड्यातच बघून घेतली, ती बरोबर आहे.